इंजिनीअरसाहेबांचं नाक आणि इतर भानगडी

पुढाऱ्याचा पुतळा करणं त्या मानाने सोपं. हात वर, बोट पुढे, खांद्यावर उपरणं, झालं काम. इंजिनीअरचं कर्तृत्व असतं धरणाच्या भिंतीत नाहीतर यंत्राच्या पोटात, आणि दाखवायचा असतो चेहरा, तोही छातीपर्यंतच. अर्धपुतळा म्हटल्यावर हातात नकाशाची गुंडाळी देण्याचीही सोय उरत नाही. पण कात्रज ओलांडून साताऱ्याच्या दिशेने निघालं, की नसरापूरच्या अलीकडे-पलीकडे इंजिनीअरिंग कॉलेजं लागतात. कॉलेज आलं की १५ सप्टेंबरचा अभियंता दिन आला, आणि अभियंता दिन आला की कोणाच्या तरी मनात संगमरवर येतोच. शिल्पकारांना चौथऱ्यावरचा मजकूर लिहून देणारा माणूस म्हणून माझं या सगळ्यात जाणं-येणं असतं. अनावरणाच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. मी सांगतोय ते बातमीत न आलेलं.

पहिली मारामारी फोटोवरून. समिती शिल्पकाराकडे येते ती मोबाइलमधला एक फोटो घेऊन. समोरून काढलेला, बोटभर. शिल्पकार विचारतो, ‘साहेब, बाजूचा आहे का?’ समिती एकमेकांकडे बघते. नाक किती रुंद ते समोरून कळतं, किती पुढे आलंय ते बाजूनेच कळतं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या बाबतीत आणखी एक पंचाईत. गृहस्थ शंभरी पार केलेले, त्यामुळे सगळीकडे फिरतो तो त्यांचा उतारवयातला चेहरा. नसरापूरजवळच्या एका संस्थेला मात्र ‘आपले, पुण्याचे’ विश्वेश्वरय्या हवे होते: १८८३ साली पुण्यातून एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आलेले, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले आणि १९०८ पर्यंत तिथेच राबलेले. म्हणजे पन्नाशीच्या आतले. मग डोक्यावर काय? एका सदस्याने पुणेरी पगडी सुचवली, दुसऱ्याने लगेच अनुमोदन दिलं. शिल्पकार हात जोडून म्हणाला, ‘पगडी घातली तर लोक खाली हार घालतील आणि न्यायमूर्ती रानडे म्हणून नमस्कार करतील.’ शेवटी तरुण चेहरा आणि वर मैसुरी जरीचा फेटा अशी तडजोड झाली. तो फेटा त्या वयात त्यांच्या डोक्यावर होता का, हे कोणी विचारलं नाही. मातीचा नमुना पाहायला प्राचार्य आले. चेहऱ्याकडे त्यांची नजर गेलीच नाही. फेट्याच्या चुण्या बघितल्या आणि म्हणाले, ‘हुबेहूब!’

मग जन्मसाल. बहुतेक कोशांत १८६१ असतं. पण त्यांच्या जन्मशताब्दीचं टपाल तिकीट निघालं १५ सप्टेंबर १९६० रोजी, म्हणजे सरकारी हिशेबाने १८६०. हयात असताना तिकिटावर झळकण्याचा मान आपल्याकडे त्यांच्या आधी मिळाला होता तो महर्षी कर्व्यांना, १९५८ साली, तोही शंभरीनिमित्तच. बैठकीत एका बाजूला कोशवाले, दुसऱ्या बाजूला तिकीटवाले. तिसरे एक गावातले ज्येष्ठ गृहस्थ, ते म्हणाले, ‘बनेश्वरच्या घंटेकडे बघा. पोर्तुगिजांनी क्रॉसखाली १६८३ साल ओतून ठेवलंय. घंटा वसईहून नसरापुरात आली, देवळात टांगली गेली, धर्म बदलला, पण सालाबद्दल आजवर कोणी भांडलं नाही.’ सगळे खजील झाले आणि त्यांनी एकमताने निर्णय घेतला. फलकावर ‘जन्म : १५ सप्टेंबर’ एवढंच आलं. सालाची जी जागा मोकळी झाली तिथे संस्थेच्या अध्यक्षांचं नाव एक माप मोठ्या अक्षरात बसलं.

सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची पसंती. आवारातल्या आवारात उरकायचं असेल तर हे टळेल, असं पुष्कळांना वाटतं. त्या वाटण्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

आता दगड. कागदोपत्री सगळा संगमरवर मकराण्याचाच असतो, जशी सगळी हळद सांगलीची असते. खरा मकराणा ओळखणारे लोक दगडावर पाण्याचा हात फिरवतात, नखाने टिचकी मारतात, आवाज ऐकतात. तरी पोटात काय आहे ते दगड फोडल्याशिवाय कळत नाही. अर्धपुतळ्यासाठी दोन फूट बाय दोन फूट, अडीच फूट उंचीचा ठोकळा घेतला तर त्याचं वजन पाऊण टनाच्या घरात जातं, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग छिन्नीखाली भुगा होऊन जातो. आमच्या साहेबांच्या ठोकळ्याची वरची कड फोडल्यावर आतून एक राखी रेघ निघाली. मिस्त्रीने खडूने ती पुढे ओढून पाहिली. रेघ नेमकी जिथे नाक यायचं होतं तिथून जात होती. दगड परत करायचा तर वाहतूक कोणी भरायची? व्यापारी म्हणाला, नैसर्गिक आहे. शिल्पकाराने एक दिवस नुसता विडी ओढत दगडाभोवती फेऱ्या मारल्या आणि मग तोंडच फिरवलं: दगडाची मागची बाजू पुढे केली, पुढची मागे. रेघ फेट्याच्या पाठीमागे गेली. अनावरणाला आलेल्या एका कलारसिक पाहुण्यांनी मागून चक्कर मारली आणि फेट्यातल्या त्या ‘सूचक राखाडी छटे’साठी शिल्पकाराची पाठ थोपटली.

पुतळा शिल्पकार ‘कोरतो’ असं आपण सहज म्हणतो. कार्यशाळेत जाऊन पाहिलं तर निराळं दिसतं. शिल्पकार माती करतो. मातीवरून साचा निघतो, साच्यातून प्लास्टरचं डोकं. या प्लास्टरवर पेन्सिलने टिपके मारतात: कपाळावर, भुवईच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, ओठाच्या कोपऱ्यात, शेकड्यांनी. मग येतं पॉइंटिंग मशीन. नाव मोठं, असतो पितळी दांड्यांचा सांगाडा, तीन पक्क्या खुंट्यांवर टेकणारा, आणि पुढे सरकती सुई. सुई प्लास्टरवरच्या टिपक्याला लावायची, अडसर घट्ट करायचा, सांगाडा उचलून दगडावर त्याच तीन खुंट्यांवर ठेवायचा. सुई दगडाला अडून जितकी मागे राहील तितकं भोक आत मारायचं. असं टिपक्यामागून टिपका. सगळी भोकं झाली की मधला दगड उडवायचा, आणि आत साहेब असतात. ही मेहनत मिस्त्रीची. शिल्पकार शेवटी येतो, डोळे आणि ओठ घेतो, आणि खाली सही करतो. आता तर जयपूरकडे संगणकावरची यंत्रं रात्रभर हेच काम करतात आणि सकाळी मिस्त्री नुसता पॉलिशचा कागद मारतो. जुने लोक म्हणतात, इंजिनिअरिंगने कलेची वाट लावली. या तक्रारीत एक गंमत आहे, आणि ती जेम्स वॅटच्या माळ्यावर घडलेली आहे.

वाफेच्या इंजिनाचा वॅट सगळ्यांना माहीत आहे. किटलीचं झाकणही सगळ्यांना माहीत आहे. धंद्यातून अंग काढून घेतल्यावर बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड या घरात त्याने म्हातारपण कशात घालवलं, ते फारसं कोणी सांगत नाही. त्याने ते घालवलं पुतळे छापणारं यंत्र करण्यात. १८०२ साली पॅरिसमध्ये त्याने पदकांच्या नकला काढणारं यंत्र पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं की पदकाचं होतं तर पुतळ्याचं का नाही. एका टोकाला मूळ पुतळ्यावरून फिरणारी बोथट सुई, दुसऱ्या टोकाला दगडात फिरणारी कातरी. सुई जिथे जाईल तिथे कातरी जाईल. एक यंत्र मूळ मापाची नक्कल काढणारं, दुसरं लहान मापाची. माळ्यावरच्या त्या खोलीत तो जेवणसुद्धा स्वतःच्या तव्यावर करून घ्यायचा म्हणतात, कारण बायकोला घरात तेलकट हात आणि प्लास्टरची धूळ चालत नसे. वॅट नक्कल काढायचा आणि मित्रांना भेट पाठवायचा. सोबत थट्टेने लिहायचा की ऐंशी ओलांडलेल्या एका होतकरू कलावंताची ही कामगिरी गोड मानून घ्यावी. आणि ज्या माणसाने इंजिनाच्या पेटंटसाठी भल्याभल्यांना कोर्टात खेचलं, त्याने या यंत्राचं पेटंट शेवटपर्यंत घेतलंच नाही.

याच माणसाचा संगमरवरी अर्धपुतळा करायला बसला फ्रान्सिस चँट्री, त्या काळातला लंडनमधला सर्वांत चलतीचा शिल्पकार. आपल्या समितीला जी अक्कल नव्हती ती चँट्रीला होती. तो समोरच्या माणसाची दोन रेखाटनं काढायचा, एक समोरून आणि एक बाजूने, आणि तीही हाताच्या अंदाजावर नव्हे, तर कॅमेरा ल्युसिडा नावाच्या काचेच्या लोलकातून, कागदावर पडल्यासारखं दिसणारं प्रतिबिंब गिरवून. पुढे दगडावरचं बरंचसं काम त्याचे कारागीर करत. म्हणजे एका बाजूला इंजिनीअर कलावंताची नोकरी घालवणारं यंत्र करत होता आणि दुसऱ्या बाजूला कलावंत त्याच इंजिनीअरचा चेहरा यंत्राने उतरवत होता. दोघांची चांगली दोस्ती होती. असणारच. दोघेही एकाच लबाडीत होते.

चँट्री आपल्याला परका नाही. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीत, संगमरवरी एल्फिन्स्टन उभा आहे; तो चँट्रीचा. माल्कमही त्याचाच. पेशवाई बुडवणारा साहेब आणि वाफेचं इंजिन चालवणारा साहेब एकाच कारखान्यातून बाहेर पडले. त्यातल्या एकाला आपण कॉलेज दिलं.

वॅट १८१९ साली गेला आणि त्याच्या पुतळ्यांची खरी धमाल त्यानंतर झाली. चँट्रीने केलेला त्याचा भला थोरला बसलेला पुतळा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यायचा ठरला. राजे-राण्यांच्या संगतीत इंजिनीअर बसणार, केवढा मान! ओझं आत सरकवताना खालच्या तळघराची कमान खचली. फरशी उघडली आणि कामगारांना पायाखाली मुलाम्याच्या शवपेट्यांच्या रांगा दिसल्या. ज्या माणसाने आयुष्यभर दाब आणि भार मोजला, त्याच्या स्वतःच्या भाराचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता. पुढे शंभराहून अधिक वर्षं जुन्या वास्तूचे अभिमानी लोक कुरकुरत राहिले की ही दांडगी वस्तू एवढ्याशा देवघरात शोभत नाही. १९६० साली तो तिथून हलवला. इंग्लंडात फिरत-फिरत अखेर तो एडिनबरोला, त्याच्या नावाच्या विद्यापीठात पोचला. खोली मिळाली, पण बदल्या होत होत. हे आपल्या सरकारी इंजिनीअरांना सांगायला नको.

त्या नक्कल-यंत्राचं काय झालं? वॅटनंतर बेंजामिन चेव्हर्टन नावाच्या गृहस्थाने तशाच जातीचं यंत्र पुरं केलं, त्यावर पेटंट घेतलं, आणि त्यातून हस्तिदंताचे छोटे-छोटे अर्धपुतळे काढून विकले. त्यातला एक होता चँट्रीने केलेल्या वॅटच्या अर्धपुतळ्याचा. ज्या जातीचं यंत्र वॅटला नीट जमवून बाजारात आणता आलं नाही, त्याच यंत्रातून वॅट टेबलावर ठेवण्याच्या मापाचा होऊन बाहेर पडला.

हीथफील्डची ती माळ्यावरची खोली कुलूप लावून ठेवली होती. १९२४ साली ती सगळीच्या सगळी, खिळे-तवे-भुकटीसकट, आठ हजारांवर वस्तू मोजून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये नेली. त्या ढिगात प्लास्टरचा एक साचा होता, वर्षानुवर्षं कोणी न पाहिलेला. जुना साचा उघडून ओतकाम करायचं तर तो फुटायची भीती. शेवटी २०११ च्या सुमारास लेझरने तो आतून मोजला आणि संगणकावर उलटा करून त्यातला चेहरा काढला. निघाला तो वॅटच. दुसऱ्यांचे चेहरे छापत बसलेल्या म्हाताऱ्याने स्वतःचाही साचा कोपऱ्यात ठेवून दिला होता, आणि तो उघडायला शेवटी त्याच्याच सुईची पणती लागली.

हे सगळं मी त्या समितीला रंगवून सांगत होतो, तेवढ्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदाने घसा खाकरला. ‘ते सगळं ठीक. पण फलकावर तुम्ही काय लिहिलंय? स्वयंचलित दारांचे जनक?’ मी म्हटलं, हो, समितीनेच सांगितलं. ‘मग भाटघरचा रेनॉल्ड कुठे गेला?’

खोलीत शांतता. नसरापूरपासून भोरच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात भाटघर येतं. तिथे वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे जुनं धरण झालं ते व्हाइटिंग नावाच्या इंजिनीअरचं. तलावाला नावही त्याचंच होतं, लेक व्हाइटिंग. त्या धरणाच्या सांडव्यावर पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडणारी दारं बसवली होती, ती रेनॉल्ड नावाच्या दुसऱ्या इंजिनीअरची. त्या जमान्यात अमेरिकेच्या सरकारी पाटबंधारे अहवालातही त्यांचं वर्णन छापून आलं होतं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यावर आपली दारं बसवली ती त्यानंतर, १९०३ च्या सुमारास. त्यांची रचना वेगळी, स्वतंत्र. तिच्यामुळे तलावाची पातळी आठ फुटांनी आणि साठा सुमारे पाव हिश्शाने वाढला. त्यांनी पेटंट घेतलं आणि सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी घेणार नाही म्हणून ती सोडली. हे त्यांचं मोठेपण शंभर नंबरी. पण ‘जनक’ म्हणायचं तर शेजारच्याच गावात आधीचं बाळ होतं. आणि या पट्ट्यात त्यांनी जे त्याहून धाडसाचं काम केलं, त्याची कोणाला आठवणही नव्हती. भाटघरचंच पाणी नीरा कालव्याला जातं, आणि त्या कालव्यावर त्यांनी १८९९ साली पाण्याची पाळी गटागटांत बांधून द्यायची पद्धत आणली. वरच्या बागायतदारांचं पाणी मोजायला निघालेल्या माणसाबद्दल लोक काय बोलले असतील, हे नीरेकाठच्यांना विचारावं. त्याला संगमरवर कोण देणार?

समितीत चर्चा पेटली. रेनॉल्डचाही अर्धपुतळा करावा, शेजारी-शेजारी, अशी एक सूचना आली. शिल्पकाराने नेहमीचा प्रश्न विचारला: ‘फोटो आहे?’ नव्हता. समोरचाही नाही, बाजूचाही नाही. विषय तिथेच संपला. कर्तृत्व किती हे नंतरचं. आधी नाक कसं होतं ते ठाऊक पाहिजे.

व्हाइटिंगचं तर याहून वाईट झालं. त्याचं धरण पुढे नव्या, कितीतरी उंच धरणाच्या पाण्याखाली गेलं. नव्या धरणाला नाव मिळालं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचं. ते पुरं होऊन १९२८ साली उद्घाटन झालं तेव्हा लॉइडसाहेब गव्हर्नरपदावरून जाऊन वर्षं लोटली होती. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो, आणि या मातीतल्या माणसाचं नाव लागलं याचा भोरमध्ये सार्थ आनंद आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं मंदिर वर येतं आणि त्याच्या बातम्या होतात. व्हाइटिंगचा एखादा अर्धपुतळा मी तरी आजवर कुठे पाहिलेला नाही. तमिळनाडूतल्या थेनीकडचे शेतकरी मुल्लपेरियार बांधणाऱ्या पेनीक्विकचा फोटो देवघरात ठेवतात. आपण तेवढे भाबडे नाही.

फलकावरचं ‘जनक’ गेलं, ‘महान तज्ज्ञ’ आलं. तज्ज्ञ सगळेच असतात, कोणी हरकत घेत नाही.

अनावरणाला बाहेरून एक वक्ते आणले होते. त्यांनी अभ्यास केला होता, हे कबूल करायला हवं. विश्वेश्वरय्यांना १८८३ साली जेम्स बर्कली यांच्या नावाचं बक्षीस मिळालं होतं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. बर्कली म्हणजे जीआयपी रेल्वेचा मुख्य अभियंता. घाटातून रेल्वे वर नेण्याची आखणी त्याची, पण १८६३ साली गाडी घाट चढली तेव्हा तो हयात नव्हता, आदल्याच वर्षी गेला होता. एका इंजिनीअरच्या स्मारकातून दुसरा इंजिनीअर घडला, असा सुंदर मुद्दा. आणि मग, श्रोत्यांकडे हात करून: ‘याच आपल्या भोर घाटातून, मित्रहो, त्यांनी रेल्वे नेली!’ तो घाट खंडाळ्याचा बोरघाट. इंग्रजी स्पेलिंगने त्याला भोर करून ठेवलाय. भोरहून रेल्वे कधीच गेलेली नाही, आणि सभेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त याच वाक्याला पडल्या. फुकट मिळालेला घाट कोण परत करतो?

मग पडदा. दोरी ओढली, पडदा अर्धा सरकला आणि फेट्याच्या तुऱ्यात अडकला. प्रमुख पाहुण्यांनी जोर लावला. खाली चौथऱ्यावरचं सिमेंट आदल्या रात्रीचं, पुरतं धरलेलंही नव्हतं, आणि सिव्हिल विभागाच्या मुलांनी चौथऱ्याच्या भाराची आकडेमोड करून जो कागद दिला होता त्याची पुडी करून गवंड्याने तंबाखू ठेवली होती. पुतळा हलला. शिल्पकार पहिल्या रांगेतून उठला. पण गवंडी मागच्या बाजूला आधीपासूनच उभा होता, पुतळ्याच्या पाठीला तळहात लावून. त्याने रात्री मनानेच तळाशी शिशाची पट्टी आणि एक लोखंडी खुंटी घातली होती. ‘जाऊ द्या जोरात, काही होत नाही,’ तो म्हणाला. पडदा फाटला, साहेब प्रकटले, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत अध्यक्ष, प्राचार्य, पाहुणे आणि विश्वेश्वरय्या ओळीने आले आहेत. डाव्या कडेला पुतळ्यामागून एक कोपर दिसतं. ते कोणाचं म्हणून संस्थेच्या कार्यालयातून मला फोन आला होता, कारण स्मरणिकेत छापण्याआधी त्यांना ते खोडून घ्यायचं होतं.